बायकोसाठी रेडिओ बनवणारा आर्मस्ट्राँग

आर्मस्ट्राँग म्हटलं की सगळ्यांना चंद्रावर उतरलेला नील आर्मस्ट्राँग आठवतो. क्विझवाल्या मंडळींना ट्रम्पेट वाजवणारा लुई आर्मस्ट्राँगसुद्धा माहीत असतो. पण मित्रांनो, मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो आर्मस्ट्राँग आपल्या जातकुळीतला, म्हणजे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. त्याच्या नावाचा एक ऑसिलेटर आपल्या पुस्तकात आहे. तो आपण व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो.

सध्या होस्टेलवर घरगुती ब्लूटूथ स्पीकर बनवायची साथ आली आहे. एक ब्लूटूथ मॉड्यूल, तळहाताएवढा ॲम्प्लिफायर बोर्ड, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल, चार्जिंग सर्किट आणि हे सगळं कोंबायला प्लायवूडचा नाहीतर पीव्हीसी पाइपचा डबा. झाला स्पीकर! बॅटरीवर चालणारा, वायरशिवाय गाणं वाजवणारा, उचलून कुठेही नेता येणारा डबा. असा एक डबा १९२३ साली आर्मस्ट्राँगने स्वतःच्या हाताने बनवला होता, तोही लग्नाची भेट म्हणून. पण त्या डब्यापर्यंत यायला आधी थोडं मागे जावं लागेल.

त्याचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कचा. वडील पुस्तकं छापणाऱ्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत होते, आई लग्नाआधी शाळेत शिकवायची. लहानपणी त्याला कोरिया नावाचा आजार झाला. त्यात हात, खांदे, चेहरा आपोआप हलतात. दोन वर्षं शाळा बुडाली आणि खांदा व मान झटकायची सवय जन्मभर राहिली. पुढे कुटुंब हडसन नदीकाठी याँकर्सला राहायला गेलं. वडिलांनी लंडनहून शोधांच्या गोष्टींचं एक पुस्तक आणून दिलं, त्यात मार्कोनी भेटला आणि घराच्या माळ्यावर वायरलेसची लॅब सुरू झाली. अंगणात त्याने सव्वाशे फूट उंच ॲन्टेनाचा खांब जवळजवळ एकट्याने उभारला. दोरीला बांधलेल्या फळीवर बसून तो वर चढायचा, आणि आई खाली उभी! तिचं काय होत असेल ते आपण समजू शकतो.

१९०९ साली तो कोलंबिया युनिव्हर्सिटीत दाखल झाला. घरून रोज लाल रंगाच्या ‘इंडियन’ मोटारसायकलवर यायचा (हे कंपनीचं नाव, आपला काही संबंध नाही). तिथे त्याला सर मिळाले मायकेल प्युपिन. आजच्या सर्बियात असलेल्या भागातून खिशात जवळजवळ काहीही नसताना अमेरिकेत आलेला हा माणूस मोठा शास्त्रज्ञ झाला होता. प्युपिन सरांनी आर्मस्ट्राँगला त्याच्या पद्धतीने खटपट करू दिली.

त्या काळात ली डी फॉरेस्टने बनवलेली ‘ऑडिऑन’ ही तीन इलेक्ट्रोडची व्हॅक्यूम ट्यूब बाजारात होती. १९०६ चा शोध, पण ती नेमकी कशी चालते हे खुद्द डी फॉरेस्टला नीट सांगता येत नव्हतं. आर्मस्ट्राँग थर्ड इयर संपवून घरी असताना, १९१२ मध्ये, त्याने तिचं आउटपुट थोडंसं परत इनपुटला जोडून पाहिलं. गॅदरिंगला माइक चुकून स्पीकरसमोर गेला की कशी कर्कश शिट्टी वाजते? तोच प्रकार. आवाज फिरून फिरून स्वतःलाच वाढवत राहतो. आर्मस्ट्राँगने तो शिट्टी वाजण्याच्या जरा अलीकडे थांबवला, आणि आधी कानाला जेमतेम लागणारे सिग्नल खोलीभर ऐकू यायला लागले. शिट्टी वाजू दिली तर तीच ट्यूब ट्रान्समीटर होते हेही त्याच्या लक्षात आलं. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर दोन्ही एकाच सर्किटमधून, आणि वय एकवीस.

पेटंटला पैसे लागतात. वडील म्हणाले, आधी डिग्री. मोटारसायकल विकूनही पैसे पुरेनात. मग त्याने सर्किटची आकृती काढली आणि ३१ जानेवारी १९१३ ला नोटरीकडून शिक्का मारून घेतला. प्रत्यक्ष अर्ज ऑक्टोबरमध्ये, पास झाल्यावर गेला. या उशिराचा पुढे फार त्रास झाला.

जानेवारी १९१४ मध्ये न्यू जर्सीत बेलमारच्या वायरलेस स्टेशनवर, कडाक्याच्या थंडीत, त्याने हा रिसीव्हर मार्कोनी कंपनीच्या एका तरुण माणसाला दाखवला. रात्रभर बसून दोघांनी थेट होनोलुलूचे सिग्नल ऐकले. तो तरुण म्हणजे डेव्हिड सार्नॉफ, पुढे आरसीए कंपनीचा सर्वेसर्वा झालेला. दोघांची घट्ट मैत्री झाली. हे नाव लक्षात ठेवा.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरमधून पॅरिसला गेला, आणि तिथे १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन सापडलं. हे आपल्याला सिलॅबसला आहे, तरी थोडक्यात सांगते. त्या वेळच्या ट्यूब जास्त फ्रिक्वेन्सीचे सिग्नल नीट वाढवू शकत नव्हत्या. आर्मस्ट्राँगने विचार केला, की सिग्नल जसा येतो तसाच कशाला वाढवायचा? त्याच्यात आपल्या रिसीव्हरमधली दुसरी फ्रिक्वेन्सी मिसळायची आणि दोघांतला जो फरक निघतो तो वाढवायचा. समजा स्टेशन १००० किलोहर्ट्झवर आहे आणि आपला ऑसिलेटर १४५५ वर, तर फरक ४५५. स्टेशन बदललं की ऑसिलेटरही तेवढाच सरकवायचा, फरक ४५५ च राहतो. म्हणजे पुढची सगळी ॲम्प्लिफायरची रांग एकाच फ्रिक्वेन्सीसाठी नीट बसवता येते. युरोपात याच कल्पनेवर इतरांचंही काम चालू होतं आणि त्यावरून वाद झाले, पण ती व्यवहारात आणली ती आर्मस्ट्राँगने.

याचा स्पीकरशी काय संबंध, असं विचाराल. संबंध आहे. तोवर रेडिओ म्हणजे लांबलचक ॲन्टेना आणि कानाला हेडफोन. सुपरहेटमध्ये सिग्नल इतका वाढतो की पेटीतच मावणारी लूप ॲन्टेना पुरते, आणि हेडफोनऐवजी भोंगा वाजवता येतो. रेडिओ घराच्या भिंतीपासून सुटला तो असा.

आता लग्नाची गोष्ट. पेटंट विकून आर्मस्ट्राँग तोवर लक्षाधीश झाला होता. वेस्टिंगहाउसने ३,३५,००० डॉलर दिले, नंतर सुपर-रिजनरेशनच्या शोधासाठी आरसीएने रोख रक्कम आणि हजारो शेअर दिले. सार्नॉफच्या ऑफिसात त्याचं जाणंयेणं वाढलं, कारण तिथे सार्नॉफची सेक्रेटरी मॅरियन मॅकइन्स होती. तिच्यावर छाप पाडायला पठ्ठ्याने काय करावं? मे १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलच्या गच्चीवरच्या आरसीएच्या टॉवरच्या टोकावर चढून, खाली बेचाळिसावा रस्ता दिसत असताना, फोटो काढून घेतले आणि तिला पाठवले. सार्नॉफ इतका भडकला की त्याने मित्राला तिथे यायचीच बंदी घातली. मॅरियनवर मात्र योग्य तो परिणाम झाला असावा, कारण १ डिसेंबर १९२३ ला त्यांचं लग्न झालं.

तिच्यासाठी त्याने बनवलेली भेट म्हणजे तो डबा. जगातला पहिला पोर्टेबल सुपरहेट म्हणून तो ओळखला जातो. पोर्टेबल म्हणजे आजच्या अर्थाने नव्हे! ट्रंकेएवढी पेटी, आत ट्यूब, समोर भोंग्याचं तोंड, आणि बॅटऱ्या दोन प्रकारच्या, एक ट्यूबचे फिलॅमेंट तापवायला आणि दुसरी जास्त व्होल्टेजची प्लेटला द्यायला. आपण तीन-चार व्होल्टच्या एका सेलवर काम भागवतो. हनिमूनला दोघे फ्लोरिडात पाम बीचला गेले, पेटी बरोबरच. वाळूवर बसलेली ती दोघं आणि मध्ये ती पेटी, असा फोटो आहे. मला विचाराल तर इंजिनिअरने काढून घ्यावा असा यापेक्षा चांगला लग्नाचा फोटो नाही. पुढच्याच वर्षी आरसीएने सुपरहेट रेडिओ बाजारात आणले आणि ते भरपूर खपले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

रिजनरेशनवर डी फॉरेस्टने आपला हक्क सांगितला होता, ऑगस्ट १९१२ च्या एका नोंदीच्या आधारावर. केस जवळजवळ वीस वर्षं चालली. मध्ये एकदा आर्मस्ट्राँग जिंकला होता, पण हरलेल्या डी फॉरेस्टकडून कोर्टाचा खर्च वसूल करायचा हट्ट त्याने सोडला नाही, त्यामुळे निकालाचा शेवटचा कागद झालाच नाही आणि समोरच्याला परत उभं राहायला जागा मिळाली. १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. इंजिनिअर लोकांना तो पटला नाही. आर्मस्ट्राँग रेडिओ इंजिनिअर्सच्या संस्थेचं मानाचं पदक परत करायला गेला, तर त्यांनी ते घ्यायलाच नकार दिला.

तोवर त्याचा सगळ्यात मोठा शोध तयार झाला होता, एफएम. वीज चमकली की एएम रेडिओत खरखर होते, कारण ती खरखर सिग्नलच्या उंचीत मिसळते आणि एएममध्ये गाणंही उंचीतच असतं. मग गाणं फ्रिक्वेन्सीत ठेवलं तर? उंची छाटून टाकता येते, खरखर तिच्याबरोबर जाते. कल्पना जुनी होती, पण एटीअँडटीच्या जॉन कार्सनने १९२२ मध्ये गणित मांडून एफएमचा काही फायदा नाही असं दाखवलं होतं. हाच तो कार्सन ज्याचा बँडविड्थचा रूल आपण वापरतो. सगळे एफएम अरुंद जागेत बसवायला बघत होते. आर्मस्ट्राँगने उलट बँड भरपूर रुंद केला, आणि खरखर गेली. २६ डिसेंबर १९३३ ला पेटंट मिळाली.

सार्नॉफने एम्पायर स्टेट बिल्डिंगवर चाचण्या करू दिल्या. सत्तर-ऐंशी मैलांवर स्वच्छ आवाज आला. पण आरसीएचा सगळा धंदा एएमवर आणि सगळा पैसा टेलिव्हिजनमध्ये. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला सामान काढायला सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने इंजिनिअर्ससमोर प्रात्यक्षिक केलं. याँकर्समधल्या एका हौशी स्टेशनवरून ग्लासात पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाज पाठवला, आणि सभागृहात तो तसाच्या तसा ऐकू आला. मग त्याने हडसनच्या काठी अल्पाइनला स्वखर्चाने चारशे फुटांहून उंच टॉवर बांधला. प्युपिन सरांच्या जागी तो कोलंबियात प्रोफेसर झाला होता, पण पगार घेत नव्हता.

आरसीएने एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. त्याने नाही म्हटलं, कारण बाकीच्या कंपन्या विक्रीवर टक्केवारी देत होत्या, मग सगळ्यात मोठ्या कंपनीला सूट का? आमच्या रूमवर यावरून जोरदार वाद झाला. बहुतेकींचं मत पडलं, घ्यायला हवे होते. मला तसं वाटत नाही, त्याचा मुद्दा बरोबर होता. युद्धात मात्र त्याने एफएमची पेटंट अमेरिकन लष्कराला फुकट वापरू दिली. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, सरकारी आयोगाने एफएमचा बँड ४२-५० मेगाहर्ट्झवरून उचलून वर नेला (आज आपण ८८ ते १०८ वर ऐकतो तो) आणि लोकांच्या घरातले लाखो एफएम सेट एका निर्णयात निकामी झाले.

१९४८ मध्ये त्याने आरसीएवर केस केली. त्यांच्या वकिलांनी त्याची उलटतपासणी जवळजवळ वर्षभर चालवली. १९५० ला पेटंटची मुदत संपली, पैसे संपत आले. १९५३ च्या थँक्सगिव्हिंगला नवरा-बायकोचं पैशांवरून कडाक्याचं भांडण झालं. त्याने शेकोटीजवळच्या लोखंडी सळईने मॅरियनच्या हातावर मारलं. ती बहिणीकडे निघून गेली. त्याचं कौतुक करणारे लेख हा प्रसंग पटकन उरकतात, पण तो घडला आहे आणि त्याला माफी नाही. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, तिच्या नावाने चिठ्ठी लिहून, आर्मस्ट्राँगने आत्महत्या केली. नोटरीच्या त्या शिक्क्याला त्या दिवशी बरोबर एकेचाळीस वर्षं झाली होती.

आरसीएने त्याच वर्षाअखेर सुमारे दहा लाख डॉलर देऊन केस मिटवली, म्हणजे आधी देऊ केले होते जवळजवळ तेवढेच. बाकीच्या कंपन्यांना मॅरियनने सोडलं नाही. एकेक केस ती लढत गेली आणि शेवटची, मोटोरोलाविरुद्धची, १९६७ मध्ये जिंकली. त्यानंतर दहा वर्षांनी, २३ जुलै १९७७ ला, भारतातलं पहिलं एफएम प्रसारण मद्रासहून सुरू झालं. आणि आपल्या होस्टेलवरच्या डब्यांतलं ब्लूटूथ, त्याच्या मूळ बेसिक रेट पद्धतीत, शून्य आणि एक पाठवतं ते फ्रिक्वेन्सी किंचित खालीवर सरकवूनच.

मॅरियन १९७९ पर्यंत जगली. अल्पाइनचा टॉवर अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरवरच्या ॲन्टेना कोसळल्यावर न्यूयॉर्कच्या टीव्ही स्टेशनांनी तात्पुरतं प्रसारण तिथून केलं होतं.