जोसेफ ब्रामा

जोसेफ ब्रामा (इ.स. १७४८:स्टेनबरो, यॉर्कशायर, इंग्लंड - ९ डिसेंबर, इ.स. १८१४:पिमलिको, लंडन) हे इंग्लिश संशोधक, यंत्रज्ञ व कुलूपनिर्माते होते. द्रवचालित दाबयंत्र (हायड्रॉलिक प्रेस) हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध मानला जातो. बंदिस्त द्रवाच्या साहाय्याने बल वाढवण्याचे तत्त्व त्यांनी व्यवहारात आणले. कापसाच्या गाठी बांधणारी यंत्रे आणि मोटारगाडीचे हायड्रॉलिक ब्रेक व क्लच याच तत्त्वावर चालतात.

सुरुवातीचे जीवन

ब्रामा यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी पायाला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना शेतीकाम करणे अशक्य झाले व त्यांनी गावातील सुताराकडे उमेदवारी पत्करली. पुढे लंडनला जाऊन ते लाकडी सामान बनवू लागले. तेथे घरोघरी शौचकूप बसवताना, कडाक्याच्या थंडीत त्यातील पाणी गोठून झडप निकामी होते, हे त्यांच्या लक्षात आले. या झडपेत बदल करून त्यांनी इ.स. १७७८ मध्ये आपले पहिले पेटंट मिळवले.

कुलूप

इ.स. १७८४ मध्ये त्यांनी नव्या रचनेच्या कुलपाचे पेटंट घेतले. त्याचे भाग इतके काटेकोर असावे लागत की, ते हाताने घडवणे वेळखाऊ व खर्चिक ठरे. त्यासाठी ब्रामा यांनी इ.स. १७८९ मध्ये हेन्री मॉडस्ले या अठरा वर्षांच्या कारागिरास कामावर घेतले. मॉडस्ले यांनी हे भाग अचूक घडवणारी यंत्रे तयार केली. पिकॅडिली येथील दुकानाच्या खिडकीत कुलूप ठेवून ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर करण्यात आले होते. इ.स. १८५१ मध्ये, ब्रामा यांच्या मृत्यूनंतर ३७ वर्षांनी, अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज यांनी ५१ तासांच्या प्रयत्नांनी ते उघडले.

द्रवचालित दाबयंत्र

बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना समान पसरतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडला होता. ब्रामा यांनी त्यावर आधारित दाबयंत्राचे पेटंट इ.स. १७९५ मध्ये घेतले. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर व मोठ्याचे १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर बल शंभरपट होते. मात्र मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर सरकवण्यासाठी लहान दट्ट्याला एकूण १०० सेंटिमीटर सरकावे लागते.

तत्त्व सोपे असले तरी यंत्र चालेना. मोठ्या दट्ट्याभोवतीच्या फटीतून पाणी गळे. ती फट घट्ट बांधली, तर दाब काढल्यावरही दट्ट्या अडकून राही. यावर चामड्याच्या वाटीचा उपाय सापडला. वाटीची उघडी बाजू पाण्याकडे असल्याने दाब वाढताच पाणीच तिची कड दट्ट्यावर घट्ट दाबून धरी व दाब जाताच ती सैल होई. या उपायाचे श्रेय सामान्यतः मॉडस्ले यांना दिले जाते. पेटंट मात्र ब्रामा यांच्या नावावर होते. मॉडस्ले यांना आठवड्याला ३० शिलिंग वेतन मिळे. इ.स. १७९७ मध्ये त्यांनी मागितलेली वेतनवाढ ब्रामा यांनी नाकारली, तेव्हा मॉडस्ले यांनी स्वतःचा कारखाना काढला व पुढे ते ब्रिटनमधील अग्रगण्य यंत्रनिर्माते झाले.

इतर कार्य व मृत्यू

लाकूड रंधण्याचे यंत्र (इ.स. १८०२) आणि बँक ऑफ इंग्लंडसाठी नोटांवर क्रमांक छापणारे यंत्र (इ.स. १८०६) ही त्यांची अन्य कामे होत. हॅम्पशायरमधील होल्ट जंगलात आपल्याच दाबयंत्राने झाडे उपटण्याच्या कामावर देखरेख करताना त्यांना थंडी बाधली व त्या आजारात त्यांचे निधन झाले.

वारसा

कापूस हलका पण जागा व्यापणारा माल असल्याने तो दाबून गाठी बांधल्याखेरीज दूरवर पाठवणे परवडत नाही. त्यामुळे दाबयंत्राचा मोठा उपयोग कापूस व्यापारात झाला. वाशिम जिल्ह्यातील कारंजा ही वऱ्हाडातील जुनी कापूस बाजारपेठ असून, मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला' नावाने परिचित अरुंद रेल्वे येथूनच जात असे. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत हायड्रॉलिक प्रेसने बांधलेली गाठ भारतात साधारण १७० किलोग्रॅमची धरतात.

मोटारगाडीच्या हायड्रॉलिक क्लचमध्ये पायाखालचा मास्टर सिलिंडर लहान दट्ट्याचे, तर गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर मोठ्या दट्ट्याचे काम करतो. चामड्याच्या वाटीची जागा येथे रबरी वाटीने घेतली आहे. गॅरेजमध्ये 'किट बदलणे' म्हणतात, तेव्हा मुख्यतः याच वाट्या बदलल्या जातात. घरच्या घरी या रचनेत बदल करणाऱ्यांनाही ब्रामा यांचेच गणित लागू पडते. मोठा स्लेव्ह सिलिंडर बसवल्यास पेडल हलके होते, पण त्याची सरक कमी होऊन क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर टाकताना खरखर होते. जुना रबरी पाइप दाबाखाली फुगून पेडलची काही चाल वाया घालवतो, म्हणून काहीजण पोलादी जाळीचा पाइप लावतात. नळीत हवा राहिल्यास पेडल पोकळ लागते, कारण हवा दबते व द्रव जवळजवळ दबत नाही. ब्रेक ऑइलसाठी बनवलेल्या रबरी वाट्या खनिज तेलाने फुगून निकामी होतात, आणि वाटी गेली की ब्रामा यांच्या पहिल्या यंत्राप्रमाणेच सारा दाब गळतीत जातो.