कोटितीर्थाचा चित्रकार : आबालाल रहिमान

ड्रॉइंगची एक शीट परत काढायला सांगितली की आपल्या होस्टेलवर केवढा आरडाओरडा होतो! मी तर त्यात पुढेच. पण एकच तळं जन्मभर परत परत रंगवणाऱ्या माणसाची चित्रं कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पाहिली आणि गप्प झालो.

आबालाल रहिमान कोल्हापूरचे. घराणं कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्यांचं, त्यामुळे रेषेचं वळण घरातच मिळालं. 1880 च्या दशकात ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, व्हाइसरॉयचं पदक मिळवलं. एवढं झाल्यावर कुणीही मुंबईतच बस्तान बसवलं असतं. हे मात्र गावी परतले आणि फकिरासारखे राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

पण त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थ तलावाच्या काठी. पाणी तेच, झाडं तीच. बदलायचा तो उजेड, आणि आबालाल तोच पकडायचे. रंकाळ्याच्या संध्यामठाचं त्यांचं चित्रही असंच प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोने आणि अमेरिकेत ट्वाक्टमन हेच करत होते. ट्वाक्टमनने तर आपल्या घरामागचा ओढाच कितीदा रंगवला! त्या शैलीला जग इम्प्रेशनिझम म्हणतं. आपल्याकडे ती वाट एका माणसाने तळ्याकाठी बसून काढली.

1922 साली शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थातच बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. 1931 मध्ये तेही गेले. आज त्यांची मोजकीच चित्रं उरलीत.

आधी मला हळहळ वाटली, थोडा रागही आला. एवढी मेहनत पाण्यात! मग आठवलं, सबमिशन झालं की आपल्या शीटा रद्दीतच जातात. फरक इतकाच की आपण सहीसाठी काढतो, ते बघण्यासाठी काढत होते.

मी शिरोळचा. कोल्हापूरची पंचगंगा आमच्या तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. इतकी वर्षं तिथं गेलो ते दर्शन आणि पेढ्यांसाठी. गेल्या सुट्टीत पहिल्यांदा घाटावर तासभर नुसतं पाणी बघत बसलो. चित्र काही मला येत नाही. पण ऊन उतरताना पाण्याचा रंग किती वेळा बदलतो, ते मात्र कळलं.