पिसवांचा अभ्यासक, पाणथळीचा राखणदार

जमीन चिबड झाली की चर काढा, पाणी बाहेर घाला, असा सल्ला आम्ही शेती खात्याची माणसं देतो. चिबड शेताला तो बरोबरच आहे. पण मुलखातल्या सगळ्याच पाणथळी आटवल्या तर काय होतं, हे शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका माणसाने ओळखलं होतं. त्यांचं नाव चार्ल्स रॉथशील्ड.

त्यांचा जन्म ९ मे १८७७ रोजी लंडनच्या नावाजलेल्या पेढीवाल्या घराण्यात झाला. दिवसा पेढीचं काम आणि उरलेल्या वेळात फुलपाखरं, किडे व पिसवा गोळा करायच्या. वाचून हसू येईल, पण या छंदाचा आपल्याशी संबंध आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात पसरला. लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहिले. प्लेग उंदरापासून माणसापर्यंत मुख्यतः जी पिसू नेते, तिचं शास्त्रीय वर्णन आणि नामकरण १९०३ मध्ये रॉथशील्ड यांनी केलं. नमुने होते सुदानमधले.

किडे शोधताना ते पूर्व इंग्लंडच्या 'फेन' भागात जात. हा सखल, दलदलीचा मुलूख. कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, म्हणजे पीट, तिथे थरावर थर साचलेली. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चर खणून ती शेतीखाली आणली. १८५१ च्या सुमारास व्हिटल्सी मिअर हे मोठं तळंही आटवलं. पिकं जोमदार आली, पण सुकलेलं पीट आकसतं, हवेने झिजतं. त्याच सुमारास जवळच्या होम फेनमध्ये एक लोखंडी खांब माथा जमिनीलगत ठेवून पुरला होता. आज तो सुमारे ४ मीटर वर दिसतो. खांब वाढला नाही, जमीन खाली बसली! दलदलीतलं तांबूस रंगाचं एक मोठं फुलपाखरू तर इंग्लंडमधून कायमचं गेलं.

उरलेली पाणथळ वाचवायची तर ती विकत घेऊन विश्वस्त संस्थेच्या नावे करावी, असं रॉथशील्ड यांनी ठरवलं. १९०१ मध्ये विकन फेनमधली जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टला दिली. १९१० मध्ये वुडवॉल्टन फेनची तीनशेहून अधिक एकर दलदल घेतली, पण ती स्वीकारायला ट्रस्ट तयार झाला नाही. रॉथशील्ड थांबले नाहीत. जागा निवडताना देखावा बघू नये, तिथे कोण जगतं ते बघावं, हा त्यांचा आग्रह. १६ मे १९१२ रोजी त्यासाठी वेगळी संस्था स्थापन झाली.

या संस्थेने जिल्ह्याजिल्ह्यातल्या जाणकारांकडून माहिती मागवली. जागा कुठे, मालक कोण, तिथे काय वाढतं, धोका कशाचा. १९१५ पर्यंत राखण्याजोग्या २८४ जागांची यादी झाली. पण महायुद्ध सुरू होतं, धान्य हवं होतं. सरकारने यादीकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९१९ मध्ये त्यांनी वुडवॉल्टन संस्थेच्या स्वाधीन केली. दीर्घ आजारपणानंतर १२ ऑक्टोबर १९२३ रोजी ते गेले. वय अवघं ४६.

निसर्ग राखीव क्षेत्रांचा कायदा इंग्लंडमध्ये १९४९ साली झाला. तोवर यादीतल्या काही जागा नांगराखाली गेल्या होत्या. वुडवॉल्टन मात्र टिकली, कारण तिचं खरेदीखत झालेलं होतं.

अर्थात नुसतं खरेदीखत पुरत नाही. आजूबाजूचं पाणी आटलं की राखलेली पाणथळही सुकते, झुडपं माजतात. तिथे आजही पाणी अडवावं लागतं, बोरू कापावा लागतो, गुरं चारावी लागतात. म्हणजे राखण हेही शेतीसारखंच बारमाही काम. २००१ पासून वुडवॉल्टन आणि होम फेन यांच्यामधली शेतजमीन घेऊन तिथे पुन्हा ओल आणण्याचा प्रकल्प सुरू आहे.

आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. ती कपाटात धूळ खात पडली असेल तर ग्रामपंचायतीने बाहेर काढावी. गावतळं, ओढ्याकाठची दलदल, देवराई यांची नोंद आहे का, हद्द लिहिली आहे का, देखभाल कुणाकडे, हे ग्रामसभेत एकदा वाचून दाखवावं. जागा गेल्यावर केलेली यादी काय कामाची?