पाचशे चित्रं, आणि पहिलं चित्र तणाचं : एलिझाबेथ ब्लॅकवेल



आमच्या शाळेच्या आजूबाजूला द्राक्षबागा आहेत. मागे एकदा परिसर अभ्यासासाठी मी मुलांना सांगितलं, घराजवळची कोणतीही एक वनस्पती आणा आणि तिचं चित्र काढा. तिसरीतल्या एका मुलाने बागेतल्या दोन ओळींमधून पाथरी उपटून आणली. पिवळं फूल, पानं, मूळ, सगळं. शेजारचा मुलगा हसला. म्हणाला, हे तर तण आहे, आम्ही खुरपून फेकतो. झालं! आमचा चित्रकार ते रोप दप्तरामागे लपवायला लागला.

त्या दिवशी मी वर्गाला एलिझाबेथ ब्लॅकवेल या चित्रकार बाईंची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी लिहीत आहे. आधी एक खुलासा. याच नावाच्या दुसऱ्या बाई जास्त माहितीच्या आहेत, १८४९ मध्ये अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी मिळवणाऱ्या. आपल्या एलिझाबेथ त्यांच्याही शंभर वर्षं आधीच्या. मुलांना सांगताना हा गोंधळ होऊ देऊ नका.

घरावर आलेलं संकट

एलिझाबेथचा नवरा अलेक्झांडर ब्लॅकवेल हा स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचा. शिकलेला, भाषांचा जाणकार, पण एका जागी स्थिर न राहणारा माणूस. दोघं लंडनला आले. तिथे त्याने स्वतःचा छापखाना काढला. त्या काळी लंडनमध्ये कोणताही धंदा करायचा तर आधी त्या धंद्यात रीतसर उमेदवारी करावी लागे. अलेक्झांडरने ती केलेली नव्हती. इतर छापखानेवाल्यांनी त्याच्यावर खटला भरला. मोठा दंड झाला, छापखाना बुडाला, कर्ज डोक्यावर बसलं. कर्ज फेडता आलं नाही की तेव्हा सरळ तुरुंग. अलेक्झांडर तुरुंगात गेला आणि घराची सगळी जबाबदारी एलिझाबेथवर आली.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? त्या काळात बाईला नोकरी कोण देणार? एलिझाबेथकडे एकच गोष्ट होती, चित्र काढणारा हात.

तीन कारागिरांचं काम एकटीने

एलिझाबेथने चौकशी केली. वैद्य आणि औषध बनवणाऱ्यांना औषधी वनस्पतींच्या चांगल्या चित्रांचं पुस्तक हवं आहे, असं त्यांना कळलं. अमेरिकेकडून आलेल्या नव्या वनस्पतीही त्यात असायला हव्या होत्या. त्यांनी काही चित्रं काढून मोठ्या डॉक्टरांना दाखवली. त्यांत सर हान्स स्लोन होते. पुढे ज्यांच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं तेच हे. आयझॅक रँड हे लंडनच्या चेल्सी भागातल्या औषधी बागेचे प्रमुख होते. ही बाग औषध बनवणाऱ्यांच्या संघाने १६७३ मध्ये लावलेली, आजही आहे. रँड यांनी सुचवलं म्हणून एलिझाबेथ बागेजवळच राहायला गेल्या. ताजी रोपं समोर ठेवून चित्रं काढू लागल्या.

आता चित्र छापण्याची त्या काळची पद्धत समजून घ्या, कारण खरी मेहनत इथे आहे. आधी चित्रकार कागदावर चित्र काढी. मग दुसरा कारागीर ते तांब्याच्या पत्र्यावर कोरी. कोरताना सगळं उलटं कोरावं लागे, अक्षरंसुद्धा, तरच कागदावर सुलटं उमटतं. छापल्यानंतर तिसरा माणूस एकेका प्रतीत हाताने रंग भरी. एवढ्या लोकांना द्यायला पैसे कुठून आणायचे? एलिझाबेथने ही तिन्ही कामं स्वतःच केली.

पुस्तक हप्त्यांनी निघालं. दर आठवड्याला चार चित्रं आणि त्यांची माहिती. १७३७ ते १७३९ या काळात १२५ आठवडे हे चाललं. गुणाकार मुलांकडून करून घ्या, १२५ गुणिले ४, म्हणजे ५०० चित्रं!

माहितीचा बराचसा भाग जोसेफ मिलर यांच्या आधीच्या पुस्तकावरून, त्यांच्या परवानगीने घेतलेला होता. वनस्पतींची वेगवेगळ्या भाषांतली नावं अलेक्झांडरने तुरुंगातून पुरवली. पण नजर पूर्णपणे एलिझाबेथची होती. पुस्तकाचं नाव होतं 'अ क्युरिअस हर्बल'. यातल्या 'क्युरिअस' शब्दाचा तेव्हाचा अर्थ होता बारकाईने, काळजीपूर्वक केलेलं.

पहिला मान कोणाला?

या पाचशे चित्रांत पहिलं चित्र कशाचं असेल? गुलाबाचं? कमळाचं? नाही. पहिलं चित्र आहे डँडेलायनचं. युरोपात शेतात, द्राक्षमळ्यात, रस्त्याच्या कडेला, जिथे माती दिसेल तिथे उगवणारं हे तण. पिवळं फूल, नंतर फुंकर मारली की उडणाऱ्या म्हाताऱ्या. आपल्या पाथरीच्याच कुळातलं, सूर्यफुलाच्या कुळातलं. त्यानंतर येते शेतात आपोआप उगवणारी लाल खसखस. याच पुस्तकात द्राक्षवेलही आहे. वेल आणि तिच्या पायाशी उगवणारं तण, दोघांना सारखंच एकेक पान आणि सारखीच मेहनत. कारण औषधाच्या दृष्टीने दोन्ही कामाची. शिवाय चुकीची वनस्पती पोटात गेली तर जीव जाऊ शकतो, म्हणून पानाची कडासुद्धा बरोबर यायला हवी होती.

पुढे काय झालं?

पुस्तक विकलं गेलं. त्या पैशातून कर्ज फिटलं आणि अलेक्झांडर सुटला. गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण पुन्हा कर्ज झालं, पुस्तकाचे हक्कही विकावे लागले. १७४२ मध्ये अलेक्झांडर नशीब काढायला स्वीडनला गेला. तिथे राजाच्या दरबारापर्यंत पोहोचला, पण राजगादीच्या वारसाविषयीच्या कटाचा आरोप त्याच्यावर आला. १७४७ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. एलिझाबेथ १७५८ मध्ये वारल्या. त्यांच्या शेवटच्या वर्षांविषयी फार थोडी नोंद उरली आहे. ज्याला सोडवायला एवढं केलं, तो माणूस राहिला नाही. पुस्तक मात्र राहिलं. जर्मनीत न्यूरेंबर्गला त्याची नवी, वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि ते काम १७७३ पर्यंत चालू होतं.

आपल्यासाठी काय?

खरं सांगायचं तर परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास मीही गणिताला वापरते. तुमच्यापैकी कितीजण असं करतात ते मला माहीत आहे! पालकही म्हणतात, चित्रं काढून काय पोट भरणार आहे? एलिझाबेथचं घर चित्रांनीच चाललं. आपल्या प्रत्येक मुलाचं चालेल असं मी म्हणत नाही. पण चित्र काढताना मूल जेवढं निरखून पाहतं, तेवढं नुसतं वाचून पाहत नाही. निरीक्षण शिकवायला हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे, एक कागद आणि एक पेन्सिल.

वर्गात किंवा घरी एवढं करून पाहा:

१. बांधावरचं किंवा बागेतलं एक तण मुळासकट आणायला सांगा. (गाजरगवत नको, त्याने खाज येते. फवारणी झालेल्या जागेतलंही नको.)
२. चित्र काढण्याआधी पाच मिनिटं फक्त पाहू द्या. पानाची कडा, देठ, केस, मूळ.
३. कुरतडलेलं पान कुरतडलेलंच काढू द्या. सुंदर करायला सांगू नका.
४. नाव घरातल्या आजी-आजोबांना विचारून लिहायला सांगा.

आणि हो, पाथरीवाला मुलगा. गोष्ट ऐकून त्याने रोप परत बाहेर काढलं. पानांचे दाते मोजून काढले. शेजारचा हसणारा मुलगा वाकून वाकून बघत होता. ते चित्र आता आमच्या भिंतीवर आहे, सर्वांत पहिलं.