फातिमा इस्माईल

मुंबईला हाजी अलीजवळ मुलांचे रुग्णालय आहे, हे आमच्या खालापूरच्या वाड्यांवरही ठाऊक असते. पण ते कोणाच्या कष्टातून उभे राहिले हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ साली मुंबईच्या सधन सोबानी कुटुंबात झाला. बंधू उमर सोबानी गिरणीमालक असूनही राष्ट्रीय चळवळीला सढळ हाताने पैसा देणारे. बाईंना डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी त्या व्हिएन्नाला गेल्या, परंतु घरचा व्यापार बुडाला आणि शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. पुढे लग्न, संसार, स्वातंत्र्यलढा. हा भाग भराभर सांगतो, कारण खरी कथा यापुढेच आहे.

त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. पुष्कळ डॉक्टर झाले. अखेर मद्रासच्या डॉ. किणी यांच्या उपचारांनी मुलगी चालू लागली. दुसरी एखादी आई देवाचे आभार मानून घरी बसली असती, आणि तिला कोणी नावे ठेवली नसती. पण ज्यांच्यापाशी मद्रासच्या गाडीभाड्याचेही पैसे नाहीत, त्यांच्या मुलांनी काय करावे? पोलिओत मज्जातंतू निकामी होऊन स्नायू लुळे पडतात. महिनोन् महिने व्यायाम दिला नाही तर पाय आखडतो. एका खेपेत काम भागत नाही, आणि मजुरी करणाऱ्याला दुसरी खेप परवडत नाही.

१९४७ साली डॉ. बाळिगांनी आपला चौपाटीवरचा दवाखाना वापरायला दिला आणि तेथे पोलिओग्रस्त मुलांवर उपचार सुरू झाले. जागा अपुरी पडताच बाईंनी सरकारकडून मरीन लाइन्सच्या लष्करी बराकी मिळवल्या. सरकारी कचेरीतून काही मिळवणे म्हणजे काय, हे सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्यांना सांगायला नको! त्यानंतर हाजी अलीचे रुग्णालय उभे राहिले. १९५५ मध्ये जवळच केंद्र सरकारची अपंग पुनर्वसनाची मोठी संस्थाही निघाली.

१९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ ते १९८४ त्या राज्यसभेत होत्या. १९८७ मध्ये त्या वारल्या, तेव्हा देशात अपंगांच्या हक्कांचा कायदाच नव्हता. तो १९९५ साली झाला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, २०१६ च्या नव्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले, २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातेही काढले. कर्जतच्या डोंगरातल्या वाडीवरून मात्र अलिबागचे जिल्हा रुग्णालय अजून दूरच आहे, आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच.