भंडाऱ्याची पोटनिवडणूक: बाबासाहेब आंबेडकर लोकसभेत का पोहोचू शकले नाहीत?

वडसा स्थानकावरून गोंदियाकडे जाणारी गाडी पकडली की वाटेत अर्जुनी लागतं, पुढे सौंदड लागतं. आज हा सगळा भाग गोंदिया जिल्ह्यात येतो. पण १९५४ मध्ये गोंदिया जिल्हा नव्हता आणि गडचिरोलीही नव्हता. वडसा तेव्हा चांदा जिल्ह्यात होतं आणि गोंदियाचा भाग भंडारा जिल्ह्यात.

त्या वर्षी मे महिन्याच्या उन्हात भंडारा लोकसभा मतदारसंघात एक पोटनिवडणूक झाली. उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. देशाची राज्यघटना लागू होऊन चार वर्षं झाली होती आणि तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष मतं मागायला आले होते.

ते हरले. लोकसभा निवडणुकीतला हा त्यांचा सलग दुसरा पराभव. त्यानंतर ते पुन्हा निवडणूक लढू शकले नाहीत.

असं का झालं? हे समजून घ्यायचं तर त्या काळात मतदान कसं व्हायचं ते बघावं लागेल. आणि त्याआधी, कायद्याच्या क्षेत्रातला हा माणूस निवडणुकीकडे कसा वळला तेही.

न्यायाधीशपद नाकारलं

१९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बाबासाहेब बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे मोठे पक्षकार येत नव्हते, घरची ओढाताण होती. अशा काळात जिल्हा न्यायाधीशपदाचा देकार आला, तोही त्यांनी नाकारला. कारण सरळ होतं. सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाला चळवळ करता येत नाही.

मताच्या अधिकाराबद्दल ते त्याआधीपासून बोलत होते. १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर त्यांनी साक्ष दिली तेव्हा मत फक्त मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्यांना मिळत असे. अस्पृश्यांनाही मत आणि प्रतिनिधी मिळाला पाहिजे, ही त्यांची मागणी होती. १९२८ मध्ये सायमन कमिशनसमोर तर त्यांनी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला मताधिकार मागितला.

मग आला १९३२ चा पुणे करार. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते, म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्य मतदारच निवडतील. गांधीजींच्या उपोषणानंतर तडजोड झाली. राखीव जागा वाढल्या, प्रांतांत मिळून १४८ झाल्या. पण त्या जागांवर अंतिम मतदान सगळ्यांनी एकत्र करायचं ठरलं. राखीव जागेवरचा उमेदवार अस्पृश्य असेल, पण तो कोण असेल हे बहुसंख्य सवर्ण मतदार ठरवू शकतील, ही बाबासाहेबांची भीती होती. पुढच्या बावीस वर्षांत ती त्यांच्याच वाट्याला आली.

१९३७: जिंकलेली निवडणूक

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते मुंबईतून उभे राहिले. समोर काँग्रेसकडून होते पळवणकर बाळू, त्या काळातले नामांकित क्रिकेटपटू आणि स्वतः दलित समाजातलेच. बाबासाहेब जिंकले आणि त्यांच्या पक्षाचे डझनाहून जास्त आमदार निवडून आले.

इथे एक बारकावा आहे. त्या वेळी मुंबई प्रांतात एकापेक्षा जास्त जागांच्या मतदारसंघात मतदाराला त्याची सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत होती. संख्येने कमी असलेला समाजही आपली ताकद एका माणसामागे उभी करू शकत होता.

१९४६ मध्ये चित्र पालटलं. त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष जवळजवळ सगळीकडे हरला. घटना समितीत जायला मुंबईतून रस्ता उरला नाही, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीनंतर बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर, काँग्रेसच्या पाठिंब्याने, ते मुंबईतून पुन्हा घटना समितीत आले. पुढे मसुदा समितीचे अध्यक्षपद आणि कायदामंत्रिपद त्यांच्याकडे आलं.

दोन मतं, दोन पेट्या

पहिल्या लोकसभा निवडणुकीसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये मंजूर झाला. कायदामंत्री म्हणून तो संसदेतून पार नेण्याची जबाबदारी बाबासाहेबांचीच होती. काही महिन्यांतच हिंदू कोड बिलासह अनेक मुद्द्यांवर मतभेद होऊन त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

त्या कायद्यानुसार काही मतदारसंघ 'द्विसदस्य' होते. एकाच मतदारसंघातून दोन खासदार, एक सर्वसाधारण जागेचा आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, त्यावर चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने आपल्या दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. एकाच उमेदवाराला दोन्ही मतं देता येत नव्हती. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जायची, दुसरी बाद.

म्हणजे १९३७ ची सोय गेली होती. पण एक पळवाट होती. मतदाराने एकच मत आपल्या उमेदवाराला दिलं आणि दुसरं मुद्दाम वाया घालवलं, तर ते दुसरं मत प्रतिस्पर्ध्याच्या पारड्यात जायचं नाही.

१९५२ मध्ये बाबासाहेब मुंबई उत्तरमधून राखीव जागेसाठी उभे राहिले. समाजवादी पक्षाशी समझोता होता आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता उमेदवार होते. राखीव जागा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी सुमारे १४ हजार मतांनी जिंकली. मतमोजणीत ७० हजारांहून जास्त मतं बाद निघाली. कम्युनिस्टांनी मतदारांना दुसरं मत वाया घालवायला सांगितलं आणि हा गैरप्रकार आहे, असा आरोप करत बाबासाहेब आणि मेहता यांनी श्रीपाद अमृत डांगे व इतरांविरुद्ध निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला. बाबासाहेब राज्यसभेत गेले.

बिडीचं कंत्राट आणि रद्द झालेली निवडणूक

आता भंडाऱ्यात जागा रिकामी कशी झाली ते बघू. या गोष्टीत बिडी आहे.

१९५२ मध्ये भंडाऱ्यातून सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसाणी निवडून आले होते. ते ज्या बिडी कंपनीत भागीदार होते, तिचं सरकारी कॅन्टीन विभागाला बिड्या पुरवण्याचं कंत्राट होतं. सरकारशी असं कंत्राट असलेला माणूस उमेदवार होऊ शकत नव्हता.

दुसरा मुद्दा राखीव जागेचा होता. गंगाराम ठवरे यांचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांनी नाकारला होता. ठवरे महानुभाव पंथात गेले, म्हणून ते महार उरले नाहीत, असं कारण दिलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल आला. तो लिहिला होता नागपूरशी जुना संबंध असलेल्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. कंत्राटामुळे जसाणी अपात्र ठरले. पंथ बदलला तरी ठवरे समाजाने महारच राहिले, त्यामुळे त्यांचा अर्ज नाकारणं चूक होतं, असंही ठरलं. संपूर्ण निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागांसाठी नव्याने मतदान लागलं.

मे १९५४

राखीव जागेसाठी बाबासाहेबांनी अर्ज भरला. भंडारा जिल्ह्यात त्यांना मानणारा मोठा समाज होता आणि नागपूरचे कार्यकर्ते जवळ होते. प्रजा समाजवादी पक्षाकडून सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता होते. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर.

बाबासाहेब तेव्हा ६३ वर्षांचे होते. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार होते. तरीही ते आले, सभा घेतल्या, नेहरू सरकारच्या धोरणांवर टीका केली.

कार्यकर्त्यांच्या आठवणींत या प्रचारातला एक प्रसंग सांगितला जातो. काहींनी सुचवलं की आपल्या लोकांना फक्त एकच मत द्यायला सांगू, दुसरं कोरं जाऊ दे. गणित साधं होतं. बाबासाहेबांनी नकार दिला. मतदाराला दोन मतं मिळाली आहेत, ती दोन्ही त्याने वापरली पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती. दोन वर्षांपूर्वी मत वाया घालवण्याच्या प्रचाराविरुद्ध अर्ज करणारा माणूस इथे तेच सांगू शकत नव्हता.

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर मेहता जिंकले. राखीव जागेवर बोरकर जिंकले आणि बाबासाहेब ८ हजारांच्या आसपास मतांनी मागे राहिले. समझोत्यातला एक उमेदवार लोकसभेत गेला, दुसरा नाही. फेडरेशनच्या मतदारांचं दुसरं मत मेहतांकडे गेलं, पण मेहतांच्या सगळ्या मतदारांचं दुसरं मत बाबासाहेबांकडे आलं नाही, असाच याचा अर्थ लावला जातो. पुणे करारावेळची भीती ती हीच.

पुढे काय झालं?

बाबासाहेब अखेरपर्यंत राज्यसभेचे सदस्य राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चांद्यात त्यांच्या उपस्थितीत लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

या दीक्षेची एक राजकीय किंमत होती. महानुभाव झालेले ठवरे कायद्याने अनुसूचित जातीत राहिले. बौद्ध झालेल्यांना मात्र केंद्राच्या यादीत ते स्थान राहिलं नाही, ते १९९० मध्ये कायदा बदलल्यावर मिळालं. म्हणजे बाबासाहेबांनी आणखी एखादी लोकसभा लढवायची ठरवली असती, तर ज्या राखीव जागेवर ते भंडाऱ्यात उभे होते, तशा जागेवर त्यांना अर्जच भरता आला नसता. ही वेळ आली नाही. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

तीन महिन्यांत झालेल्या १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत लढून त्यांच्या पक्षाचे दादासाहेब गायकवाड, बी. सी. कांबळे असे नेते लोकसभेत पोहोचले. त्याच निवडणुकीत आंध्रात द्विसदस्य मतदारसंघाचा फटका व्ही. व्ही. गिरींना बसला. तिथे दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले आणि पुढे राष्ट्रपती झालेले गिरी हरले. अखेर १९६१ मध्ये कायदा करून असे मतदारसंघ बंद केले गेले. एक मतदारसंघ, एक खासदार, एक मत.

आज वडसा आरमोरी विधानसभा आणि गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात येतं. दोन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. मतदान सगळे समाज एकत्रच करतात, पुणे करारात ठरलं होतं तसं. फक्त इथल्या मतदाराला लोकसभेसाठी आता एकच बटण दाबायचं असतं, दुसऱ्या मताचं काय करायचं हा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही.