राष्ट्राध्यक्षाला जाब विचारणारे थॅडियस स्टीव्हन्स

देशातला सर्वांत मोठा माणूससुद्धा कायद्याच्या वर नाही. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेल्या राज्यघटनेत कलम ६१ प्रमाणे राष्ट्रपतींवरही महाभियोग चालविता येतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षावर असा महाभियोग पहिल्यांदा लागला तो १८६८ साली. त्यात सर्वांत पुढे होते थॅडियस स्टीव्हन्स.

त्यांचा जन्म १७९२ चा, व्हरमाँट राज्यातल्या डॅनव्हिल गावी. घरची गरिबी. एक पाय जन्मापासून वाकडा. वडील जोडे शिवायचे, ते घर सोडून गेले. आईने काबाडकष्ट करून पोराला शिकविले. पुढे ते वकील झाले, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात गेले. तिथे १८३५ साली मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायची पाळी आली, तेव्हा त्यांनी जोरदार भाषण करून तो वाचविला. आईचे कष्ट विसरले नव्हते ते!

१८६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन गादीवर आले. त्याच साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण जॉन्सन यांनी काळ्या लोकांच्या नागरी हक्कांचा कायदा १८६६ मध्ये नाकारला. संसदेने तो दोनतृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केला. पुढे सिनेटची संमती नसताना त्यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना काढले. मग २४ फेब्रुवारी १८६८ ला प्रतिनिधीगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग लावला.

तिथली रीत अशी, की प्रतिनिधीगृहाने आरोप ठेवायचा आणि सिनेटने निवाडा करायचा. दोनतृतीयांश मतांनी दोषी ठरला की पद गेलेच. स्टीव्हन्स तेव्हा इतके आजारी, की त्यांना खुर्चीत बसवून सभागृहात न्यावे लागे. तरी ते मागे हटले नाहीत. ५४ सिनेटरांपैकी ३६ मते हवी होती. १६ मे ला पडली ३५. एका मताने जॉन्सन वाचले!

११ ऑगस्ट १८६८ ला स्टीव्हन्स गेले. लँकेस्टर शहरात, जिथे काळ्या-गोऱ्यांना एकत्र जागा मिळे, अशाच दफनभूमीत त्यांनी आपली जागा ठरवून ठेवली होती.

मग ते हरले का? नाही. राष्ट्राध्यक्षाच्या वकिलांना सभागृहापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागले, हे जगाने पाहिले. पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. सभागृहात हात वर करणारी माणसे लागतात, आणि ती तिथे पाठवितो आपणच. एका मताची किंमत काय, हे आपल्या मुलाबाळांना जरूर सांगा.